रेघांत ढकललेली खिडकी

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. ऑफिसात माझ्या समोरच्या टेबलावर बसणाऱ्या मैत्रिणीला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? नीट सांगता येणार नाही. कदाचित तुम्ही मध्येच “जाऊ दे गं” म्हणणार नाही, म्हणून. जवळची माणसं तसं म्हणतात, आणि मग पुढचं बोलायचं राहूनच जातं.

पांढुर्ण्यात माझं छोटं ऑफिस आहे. घर आतून कसं दिसेल, ते बांधायच्या आधी चित्रात दाखवणं, हे माझं काम. नागपूरला शिकले आणि परत आले, तेव्हा लोक हसायचे. म्हणायचे, इथं हे कोण करून घेणार? आता करून घेतात. पांढुर्ण्यातले घेतात, सौंसरचे घेतात, मोहगावचेही घेतात.

या कामात एक अडचण असते. कॉम्प्युटरवर केलेलं चित्र फार खरं दिसतं. लाकडाच्या शिरा, फरशीत पडलेलं पंख्याचं प्रतिबिंब, पडद्याच्या चुण्या— बघणारा विचारतो, हे कोणाचं घर आहे? आणि जे इतकं खरं दिसतं त्याच्यावर माणूस विश्वास ठेवतो. मी नुसती जागा भरायला ठेवलेली फुलदाणीसुद्धा त्याला कबूल केलेली वाटते. म्हणून मी एक मधला रस्ता काढला होता. चित्र एकच, पण त्यातला जो भाग पक्का ठरला तो पूर्ण रंगात, अगदी फोटोसारखा. आणि जे अजून ठरायचं आहे ते नुसत्या रेघांत, हातानं पेन्सिलनं काढल्यासारखं— थोडं थरथरतं, कोपऱ्यावर रेघ रेघेला ओलांडून जरा पुढे गेलेली. पहिल्या बैठकीतच मी सगळ्यांना सांगायची, “रंगात आहे ते पक्कं. रेघांत आहे ते अजून बोलायचं आहे.” लोकांना हे आवडायचं. कुणाला फसल्यासारखं वाटायचं नाही. मला त्याचा अभिमान होता— खोटं कशाला सांगू, अजूनही आहे.

करायची पद्धत तशी सोपी आहे. एकाच जागेवरून दोन चित्रं काढायची, एक खरं, एक रेघांचं, आणि एकमेकांवर बरोबर बसवायची. वरचं खरं चित्र जिथं ब्रशनं पुसाल, तिथं खालच्या रेघा उघड्या पडतात. जास्त पुसलं गेलं तर तोच ब्रश उलटा फिरवायचा, रंग परत येतो. कसब लागतं ते फक्त काठावर. रंग संपतो आणि रेघा सुरू होतात, ती जागा डोळ्याला खुपता कामा नये. माझा त्या कामात हात बसलेला आहे. सगळे म्हणतात.

पाहा, मी अजून मुद्द्यावर आलेच नाही. येते.

सौंसरला शामराव काका म्हणून होते. होते म्हणजे— आहेत. संत्र्याचे व्यापारी. आमच्याकडे फळ झाडावर असतानाच बाग विकत घेतात; माल किती निघेल याचा अंदाज व्यापाऱ्यानं आधीच बांधायचा. काका बागेतून एकदा चालत जायचे, ओळीओळीतून, कुणाशी न बोलता, आणि बाहेर येऊन सांगायचे. कोणती ओळ हलकी, कोणत्या झाडाला डिंक्या रोग लागला, कुठं फळ बारीक राहणार. कागद नाही, काही नाही. सगळं डोक्यात. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी माझं माहेर विचारलं, मामा कोण ते विचारलं, आणि म्हणाले की सावरगावच्या तुझ्या मामाच्या बागेत विहिरीच्या अंगाला दोन झाडं वाळून राहिली होती, ती त्यानं काढली काय? मी मामाला फोन करून विचारलं. झाडं काढून इतकी वर्षं झाली होती की मामाला स्वतःलाच आठवायला वेळ लागला.

तर अशी आठवण असलेला माणूस. हे सांगणं गरजेचं आहे.

काम काकूसाठी होतं. काकू न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, नागपूरला ऑपरेशन झालं. घरी आल्यावर पुष्कळ दिवस पलंगावर राहावं लागेल असं डॉक्टर म्हणाले होते. ज्या बाईनं अख्खा जन्म दारापुढच्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारण्यात घालवला, तिच्यासाठी खालची जी खोली काढली होती तिला रस्त्याकडे खिडकीच नव्हती. काकांचं मागणं एवढंच. पलंगाजवळ खिडकी पाहिजे, खाली, पडल्या पडल्या रस्ता दिसेल अशी. “तिले माणसं दिसली पाहिजे,” म्हणाले. बाकीचं तुम्ही आणि सुनील ठरवा. सुनील म्हणजे त्यांचा मुलगा.

आणि त्याच वेळी, भिंतीवर हात ठेवून, ते आणखी एक बोलले. वरचा माळा चढवला तेव्हा या भिंतीत सिमेंटचा कॉलम टाकला होता, नेमका कुठं ते प्लास्टरखाली दिसत नाही, पाहून घेजो बेटा. मी हो म्हटलं.

पाहायला काय लागत होतं? वर जाऊन तो कॉलम कुठून निघतो ते बघायचं आणि टेप लावायचा. जिना समोरच होता. मी गेले नाही. ऊन होतं, मोहगावला दुसऱ्या कामावर पोचायचं होतं, पुढच्या वेळी बघू असं वाटलं. पुढच्या वेळी लक्षात राहिलं नाही. याच्यापेक्षा मोठं कारण शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे— नाही सापडत.

नियमाप्रमाणे ती खिडकी मी रेघांत ठेवायला हवी होती. पण रंगात ती फार सुंदर दिसत होती. पांढरा पडदा, खाली रुंद कट्टा, सकाळचं ऊन आत येऊन पलंगावरच्या हिरव्या चादरीवर पडलेलं. मी ती रंगातच ठेवली आणि लॅपटॉप घेऊन सौंसरला गेले. सुनील तेव्हा काकूजवळ नागपूरला होता. सून, अर्चना, आत स्वयंपाकघरात. चित्र पाहिलं ते एकट्या काकांनी. पुष्कळ वेळ पाहिलं.

मग विचारलं, “मंग कॉलम मधात नाही आला?”

“बाजूला आहे, काका.”

“रंगात आहे. मतलब पक्कं नं?”

“पक्कं.”

इतकं सहज निघालं तोंडातून. मला वाटलं होतं, काम सुरू व्हायच्या आत बघून घेऊ. चित्र मी त्यांना पाठवलं नाही; सगळं काम ठरेपर्यंत मी कुणालाच पाठवत नाही, लोक ते दुसऱ्या कारागिराकडे घेऊन जातात. त्यामुळे ते चित्र माझ्या लॅपटॉपमध्ये होतं. आणि काकांच्या डोक्यात.

नंतर मला कळलं की काका नागपूरला जाऊन काकूच्या पलंगाशी बसायचे आणि त्या खिडकीचं सांगायचे. पडदा कसा आहे, ऊन कुठपर्यंत येतं, कट्ट्यावर पानाचा डबा कसा मावतो. काकूनं ती खिडकी पाहिली नव्हती, पण तिला ती सगळी माहीत झाली होती.

मिस्त्रीनं प्लास्टर फोडलं आणि कॉलम बरोबर मधोमध निघाला. त्याच्यावर वरचा माळा उभा. तो फोडणं शक्यच नव्हतं. सुनीलचा फोन आला. तो चिडलेला नव्हता. बाबा म्हणतात की तुम्ही पक्कं म्हटलं होतं, उद्या येऊन जा, एवढंच. आणि त्याच फोनवर म्हणाला की पांढुर्ण्यात तो मंगल कार्यालय बांधणार आहे, त्याचं आतलं कामही तुमच्याकडेच द्यायचा विचार आहे, तेही उद्याच बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी मी ऑफिसात बसले आणि ते चित्र उघडलं. ब्रश घेतला. आधी पडदा पुसला. मग चौकट, मग कट्टा. खालून रेघा वर आल्या. मग लक्षात आलं की चादरीवर ऊन अजून पडलेलं आहे— जी खिडकी ठरलेलीच नाही तिच्यातून ऊन येईल कसं? म्हणून पलंग पुन्हा काढला, उन्हाशिवाय. खोटंसुद्धा मी नीट केलं. काठावर तर इतकी मेहनत घेतली की चित्र आधीपेक्षा चांगलं झालं. मला ते आवडलं. हेही सांगून टाकते, कारण सांगायचं तर सगळंच सांगायचं.

तेव्हा मनात काय होतं? एवढंच की, रेघांत होतं, ठरलेलं नव्हतं, असं म्हणायचं आणि विषय संपवायचा. मध्ये एक माणूस आहे, त्यानं ते डोळ्यांनी पाहिलं आहे— हे काय मला माहीत नव्हतं? माहीत होतं. त्याचं पुढे काय होईल, ते मी मनात येऊच दिलं नाही.

सौंसरच्या त्या खोलीत फुटक्या प्लास्टरसमोर आम्ही उभे होतो. सुनीलनं चित्र पाहिलं आणि वडलांना म्हणाला, हे तं रेघांत आहे बाबा. काकांनी चष्मा लावला. वाकून पाहिलं.

“नाही,” ते म्हणाले. “रंगात होतं. परदा होता पांढरा. चादरीवर ऊन होतं. मी हिले विचारलं होतं.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, काका, हे पहिल्यापासून रेघांतच आहे. त्या दिवशी तुम्हाला दुसऱ्या एका घराची चित्रं पण दाखवली होती, त्यांच्याशी गल्लत झाली असेल. शांतपणे म्हटलं. थोडं हसूनसुद्धा.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. चिडले नाहीत. त्यांनी पुन्हा चित्राकडे पाहिलं, फार बारकाईनं, बागेत एखादं झाड बघावं तसं. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, “असन तसंच.” बस्, एवढंच. थोड्या वेळानं अर्चना मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली की मागच्या महिन्यात ते स्कूटरची चावीही कुठं तरी विसरले होते. चावी कोण विसरत नाही? पण तोवर एका गोष्टीला दुसरी गोष्ट जोडली गेली होती, आणि पहिली गाठ मीच मारली होती.

खिडकीच्या जागी भिंतीवर मी लाकडी पट्ट्यांचं काम दिलं, आतून मंद दिवे सोडले. ते चित्र पूर्ण रंगात होतं. तसंच झालंही. काकू घरी आल्या आणि त्या भिंतीकडे तोंड करून पडू लागल्या.

काम संपलं तेव्हा मी त्यांना भेटायला गेले. घरात बाकी कुणी जवळ नव्हतं. त्यांनी मला पलंगावर बसवलं, माझा हात हातात घेतला. लाकडाचं काम छान झालं म्हणाल्या. मग विचारलं,

“एक सांगजो पोरी. त्यायनं खरंच पाह्यलं होतं काय ते? मी कोणाले सांगत नाही. मले फक्त माहीत पाहिजे.”

आता तुम्हीच बघा. तिथं सुनील नव्हता. मंगल कार्यालय नव्हतं. कुणी भांडणार नव्हतं. ती बाई चाळीसेक वर्षं ज्याच्यासोबत राहिली त्या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे की नाही, एवढंच विचारत होती. एक ‘हो’ म्हणायचं होतं.

मी म्हटलं, “नाही, काकू.”

त्या “बरं” म्हणाल्या. हात सोडला नाही. उलट थोपटला— मला वाईट वाटलं असेल असं वाटून.

हे सांगायचं होतं. चित्र बदललं तेव्हा मी घाबरलेली होते. काकूला ‘नाही’ म्हणताना मी घाबरलेली नव्हते.

पुढचं थोडक्यात सांगते. सुनीलनं काकांना नागपूरच्या डॉक्टरांना दाखवलं. तपासण्या झाल्या. विशेष काही निघालं नाही, वयाप्रमाणे आहे म्हणाले. पण काकांनी स्वतःवर भरवसा ठेवणं सोडून दिलं होतं. पुढच्या बहाराला रामाकोन्याच्या एका बागेत ते नेहमीसारखे ओळीओळीतून फिरून आले. मालक वाट बघत उभा. काका मुलाकडे वळून म्हणाले, “तूच सांग.” सुनीलनंच मला हे सांगितलं, मंगल कार्यालयाच्या बैठकीत, चहा पिता पिता. म्हणाला, बाबा तसं कधीच म्हणाले नव्हते. त्यानंतर ते बागा पाहायला गेलेच नाहीत. स्कूटरही बंद झाली. जेवण झालं की सुनेला विचारायचे, मी जेवलो नं? ती हसायची. आधी थट्टाच होती ती.

आणि इकडे माझं काय झालं? ते बदललेलं चित्र मी मोबाइलवर स्टेटसला टाकलं. लोकांना फार आवडलं. खोली रंगात, आणि पलंगाजवळ एक खिडकी, नुसत्या रेघांची, अजून व्हायची असल्यासारखी. किती छान कल्पना आहे, असं कोणी कोणी लिहिलं. ते बघून सौंसरची आणखी दोन-तीन घरं माझ्याकडे आली. नवीन माणूस आला की अजूनही मी तेच चित्र आधी दाखवते.

मंगल कार्यालय झालं. तिथंच एका लग्नात काका भेटले. जेवणाच्या पंगतीपासून जरा बाजूला मी उभी होते, ते लांबून आले. त्यांनी मला लगेच ओळखलं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. माझं नाव घेतलं, मामाचं गाव घेतलं. सगळं बरोबर. आणि मग थांबून विचारलं, “मी बरोबर सांगून राहिलो नं?”

मी म्हटलं, अगदी बरोबर काका.

तेव्हा त्यांना हायसं वाटलं. इकडे तिकडे पाहून, आवाज जरा खाली करून म्हणाले, “त्या खिडकीपायी मी जिद केली बेटा. तुमच्यावर आळ घेतला. मनात ठेवजो नोको.”

तुम्ही माझ्या जागी काय केलं असतं, असं मी विचारणार नाही. मी काय केलं ते सांगते. मी म्हटलं, “जाऊ द्या काका, होतं असं.” मी त्यांना माफ केलं. त्यांनी हात जोडले, मी पण जोडले, आणि ते जेवायला गेले.

काकू मागच्या वर्षी वारल्या. मी सौंसरला भेटायला गेले. काका ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मला ओळखलं नाही. आता ते खरंच विसरतात. सुनीलला स्वतःच्या धाकट्या भावाच्या नावानं हाक मारतात. काकू कुठं गेली म्हणून विचारतात. हा आजार तसाही येणार होता का? असेलही. डॉक्टरही सांगू शकत नाहीत, मी कोण सांगणार. ज्या वर्षांत ते ठणठणीत होते, ती वर्षं मात्र त्यांनी स्वतःला आजारी समजून काढली. आणि काकू गेल्या त्या तेच खरं मानून.

अर्चना चहा घेऊन माझ्याजवळ बसली. काकांचं सांगू लागली. कधीपासून सुरू झालं ते तिला पक्कं माहीत आहे. डॉक्टरांना ती तेच सांगते, पाहुण्यांनाही तेच.

“त्या खिडकीपासून सुरू झालं,” ती म्हणाली. “तुम्ही तं तिथं होत्याच. तेव्हाच आमच्या ध्यानात यायले पाहिजे होतं.”

ओट्यावर काका कुणाला तरी हाक मारत होते. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, हो, मलाही त्या दिवशी जाणवलं होतं.

सुनील आणि अर्चना सौंसरलाच राहतात. दिवाळीला मला फराळाचा डबा पाठवतात. त्यांना मी काही सांगितलेलं नाही.